हापशाचं पाणी आणि माझे दात

आई, आज दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. नांदेडला मी एकटीच राहते, घरी आल्यावर कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुला लिहायला बसले. दाढ ठणकत होती. बाईंना समोरच्या दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले, तशी मीच आधी म्हणाले, "लहानपणी घासायचा कंटाळा होता हो." तुझंच वाक्य ते. इतकी वर्षं लोकांना तेच सांगत आले.

अजून डोळ्यांपुढे येतं, तू मला चुलीपुढे बसवून राखुंडीने दात घासतेस, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. "घासलेत की मी सकाळी," मी रडत म्हणते. "घासलेत म्हणं! मग हे काय हाय? माझे बघ," आणि तू तुझे पांढरेशुभ्र दात दाखवतेस. पाणी एकाच घागरीतलं. मोठ्यांचे दात पांढरे, आम्हा पोरांचे खराब. हापशावर तुम्हा बायकांचं ठरूनच गेलं होतं, हल्लीची पोरंच लई आळशी. मी तोंडावर हात ठेवून हसायचे, पुढे हसणंच सोडलं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा तू कानात म्हणालीस, "कायबी इचारलं तर व्हट मिटून मान हलीव."

बाईंनी विचारलं, लहानपणी पाणी कुठलं प्यायचात? म्हटलं, शिरूर अनंतपाळकडचं गाव आमचं, हापशाचं प्यायचो. मग त्यांनी समजावलं. तिकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहान मुलांचे दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते त्यांत बसतं. मोठ्यांचे दात आधीच तयार झालेले, त्यांच्यावर तसे डाग पडत नाहीत. "कितीही घासलं असतंत तरी डाग गेले नसते," त्या म्हणाल्या. मी खुर्चीतच रडायला लागले. दाढ दुखतेय असं वाटून त्या बिचाऱ्या इंजेक्शन भरायला लागल्या.

वाटलं, धावत यावं आणि तुला सांगावं, मी घासत होते गं. पण माझ्या आधीचा तुझा मुलगा आडाचं गढूळ पाणी पिऊन हगवणीने गेला होता. त्यानंतरच्या दुष्काळात आडही आटला. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. तिकडून बोअर पाडायचं मशीन आलं आणि आपल्या गल्लीत हापसा बसला. तू त्याला हळदीकुंकू वाहिलंस म्हणे. भर उन्हात रांगेत उभं राहून आणलेलं ते पाणी तू फडक्यातून गाळून पहिलं मला द्यायचीस. कुणाच्या घरी निघाले की बजावायचीस, "दुसरं पाणी पेऊ नको, माय." मी घासत होते हे सांगायचं, तर या पाण्याचंही सांगावं लागेल. तुझा जीव त्या घागरीत होता, तुला ते कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हा हे पत्र राहू दे. मला आळशी समजूनच तू देवाघरी गेलीस, ते चालेल मला. चालत नाही गं खरं तर.