तक्ता क्रमांक चार

प्रिय प्रश्नावली,

वर्गाने ठेवलेलं हे नाव तुला आवडायचं नाही, पण माझ्या तोंडी तेच बसलंय. तू गेल्यापासून राज्यशास्त्र विभाग शांत आहे. मुलं 'मॅडम, हे परीक्षेला येणार का?' एवढंच विचारतात. परवा मी मुद्दाम चुकीची व्याख्या सांगितली. सगळ्यांनी निमूट उतरवून घेतली.

काल बस डेपोवरून गेले. तुझ्या प्रबंधापायी निलंबित झालेल्या तिघा चालकांपैकी थोरले फाटकाबाहेर उभे होते. 'पोरी, आधी चहा घे, मग विचार काय ते,' म्हणायचे ना तुला, ते. मी तुझ्याबरोबर एकदाच आले होते, तरी ओळखलं त्यांनी. म्हणाले, बाई, नाव छापणार नाही असा शब्द दिला होता पोरीनं, आणि नाही छापलं. पण या डेपोत एकोणतीस वर्षं झालेला मी एकटाच आहे हो.

पहिल्या खर्ड्यात तू फक्त 'एक चालक म्हणाला' असं लिहिलं होतंस. निवडणुकीत डेपोचे साहेब सांगतील त्यालाच मत द्यावं लागतं, हे त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकून सांगितलं होतं. मॅडम, एवढंच पुरे, असं तू म्हणालीस. मी हसले. पुराव्याशिवाय प्रबंध म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा, हे माझं वीस वर्षांचं पालुपद. दोन आठवडे तू अडून बसलीस. मग वय, डेपो, नोकरीची वर्षं असा तक्ता मुकाट्याने जोडलास. प्रबंध ग्रंथालयाच्या वेबसाइटवर आला आणि डेपोच्या साहेबांनी तो तक्ता ओळीवर बोट ठेवून वाचला.

विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे मी सांगितलं की तक्ता मी पाहिलाच नव्हता. पुढच्या महिन्यात विभागप्रमुख ठरणार होता, आणि माझं नाव वर होतं. तू शेजारच्याच खुर्चीत होतीस. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस.

सोबत त्या खर्ड्याचं एक पान आहे. समासात माझं अक्षर आहे: 'तक्ता हवाच. त्याशिवाय सही करणार नाही.' खाली तारीख. तुझी पदवी ठेवायची की काढून घ्यायची, हा समितीचा निर्णय सोमवारी आहे. मी स्वतः जाऊन खरं सांगणार आहे. पण मागच्या वेळीही तेच ठरवून गेले होते. म्हणून हे पान आधी तुझ्या हातात.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
मॅडम