काळा रंगवलेला दांडा

ऑइलडेल, १७ ऑक्टोबर १९७१

प्रिय वेंडेल,

पत्राबरोबर सुतळीनं बांधलेला कॉफीचा डबा पाठवतेय. तो आत्ता उघडू नकोस. नाताळची पुडकी तू आदल्या दिवशीच कोपऱ्यातून फाडून बघायचास, ते मी विसरले नाही, म्हणून मुद्दाम तीन गाठी मारल्यात. आधी पत्र वाच. पाकिटावरचं अक्षर बघूनच तू म्हणशील, झालं, आली हिची दरवर्षीची रड, डॅडींना भेटायला ये म्हणून. तर हो, रड तीच आहे. फक्त या वेळी मी तुला खरं सांगणार आहे, आणि ते सांगायला मला चौदा वर्षं लागली आहेत.

डॅडींची फुप्फुसं संपत आलीत. पुढच्या महिन्यातल्या थँक्सगिव्हिंगला ते जेवायच्या टेबलावर असतील असं धरून चालू नका, असं डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. डॅडींनी ते दाराआडून ऐकलं आणि घरी येताना म्हणाले, बरं झालं, तुझी टर्की दरवर्षी कोरडीच होते. जीभ अजून शाबूत आहे त्यांची. अंगात मात्र काही उरलं नाही. पलंगापासून गॅरेजपर्यंत यायला त्यांना दोनदा टेकावं लागतं, तरी रोज येतात. कारण आम्ही गाडी बांधतोय, वेंडेल. तुझी गाडी, तीच.

कोंबड्यांच्या खुराड्यामागं ताडपत्रीखाली ती पडून होती, तुला ठाऊकच असेल. दोन वर्षांपूर्वी डॅडी निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांनी ताडपत्री काढली आणि म्हणाले, नडीन, ही परत उभी करू. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी शाळेच्या मुदपाकखान्यात दिवसभर तीनशे पोरांचं रांधून येते, वर हा उद्योग कुणी सांगितलाय? पण शनिवारी गेले, आणि मग दर शनिवारी जात राहिले. ते उलट्या बादलीवर बसून सांगतात, मी करते. वेल्डिंगची बत्ती ते हातात धरत नाहीत. तुझ्या अपघातानंतर त्यांनी एकही जोड मारलेला नाही, आणि आता मला शिकवतात. पहिले दोन महिने माझं वेल्डिंग बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की हे कोंबडीनं केलंय का.

तुला आठवतं, ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मम्मा काय म्हणाली होती? लॅमाँटच्या बागेतून तू आणि डॅडींनी तो सांगाडा ट्रेलरवर घालून आणला होता, आत मांजरीची पिल्लं होती. मम्मा पायरीवर उभी राहून म्हणाली, चांगल्या गाडीचे मडगार्ड काढायचे, टप कापायचा, दुसऱ्या गाडीचं काळीज हिच्यात घालायचं आणि वर हिला हॉट रॉड म्हणून मिरवायचं, यापेक्षा गाढव पाळा. आणि मग तीच दोन वर्षं तुम्हाला गॅरेजात बीन्स आणि मक्याची भाकरी नेऊन देत होती. तो सुगंध, तेल आणि मक्याच्या भाकरीचा, मला कुठेही आला तर रडू येतं. तुम्ही दोघं किती भांडायचात, पण ते भांडण म्हणजे तुमची गप्पा मारायची रीत होती. इंजिन बसवून झाल्यावर डॅडींनी तुझ्या पाठीवर जी थाप मारली होती, तशी माझ्या पाठीवर कधी पडली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढचं समजायला ते लागेल, म्हणून लिहितेय.

स्टिअरिंगच्या दांड्यावरून तुमचं शेवटचं मोठं भांडण झालं. चाकं वळवणारा तो दांडा तुला अख्खा, नवा हवा होता. डॅडींनी जुनाच कापून, लांब करून, मधे जोड मारला. तू म्हणालास, जोडावर जीव टाकायचा नाही. ते म्हणाले, माझा जोड तुटत नाही. आणि खरंच, तेव्हा तेलविहिरींवरची माणसं इथून कोलिंगापर्यंत त्यांच्या जोडाचं नाव काढायची. दुसरं भांडण चकाकीचं होतं. ड्राइव्ह-इनवर सगळ्या पोरांच्या गाड्यांची पुढची बाजू क्रोमनं लखलखायची, तुझीच तेवढी काळी. पोरं तिला कोळसेवाली म्हणायची आणि तू हसून घ्यायचास, पण घरी आल्यावर दार आपटायचास. डॅडींचा एकच नियम होता, जे गाडी वळवतं आणि जे गाडी थांबवतं त्याला क्रोमचा मुलामा नाही. का, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं. त्यांचे नियम कारणाशिवायच यायचे.

आता ऐक. तुझ्या विसाव्या वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात डॅडी कोलिंगाला कामावर होते आणि ते येईपर्यंत गाडी जॅकवर चढवून ठेवलेली होती. द्राक्षांच्या शेडमध्ये पेट्या भरून जमवलेले माझे पैसे होते. मी गाडीखाली शिरले, तो दांडा काढला, पिशवीत घातला आणि बस धरून बेकर्सफील्डला मुलामा देणाऱ्याकडे गेले. तुला थक्क करायचं होतं मला. पोरांची तोंडं बंद करायची होती. आणि खरं सांगू, तुम्हा दोघांच्या त्या गाडीत माझंही काहीतरी असावं असं मला फार वाटायचं. त्या माणसानं विचारलं, हे कशाचं? त्यानं नाही म्हणू नये म्हणून मी सांगितलं, अंगणाच्या फाटकाची कडी आहे. तो हसला आणि म्हणाला, मोठं फाटक दिसतंय.

दांडा आला तो आरशासारखा. त्याच दिवशी डॅडीही परत आले, आणि जेवताना त्यांनी टाफ्टच्या एका पोराची गोष्ट काढली. त्यानं पुढचं सगळं सामान क्रोम करून घेतलं आणि सरळ रस्त्यावर चाक निखळलं. तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. मुलाम्याच्या टाकीत पोलाद आतून ठिसूळ होतं, बाहेर काढल्याबरोबर भट्टीत तासन्‌तास तापवून घेतलं नाही तर कधी मोडेल याचा नेम नाही. फाटकाची कडी कोण तापवणार? तू समोरच बसला होतास, पावाला ग्रेव्ही लावत.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपरनं घासून त्या दांड्याला काळा रंग दिला आणि होता तिथे बसवला. मनाला म्हटलं, डॅडींचा जोड आहे, काही होत नाही. पहिल्यासारखा दिसत होता. इतका पहिल्यासारखा, की त्यांनी वाढदिवसाच्या सकाळी सगळे नट तपासले तरी त्यांना कळलं नाही. नदीच्या कड्यावरच्या वळणावर चाकांनी तुझं ऐकणं सोडलं आणि गाडी संत्र्याच्या बागेत उलटली, तेव्हा मी तुझ्याच वाढदिवसाच्या केकवर साखर पसरत होते.

बाकीचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार महिने इस्पितळ, डावा पाय दीड इंचानं आखूड, आणि रेल्वेतली नोकरी लागण्याआधीच गेलेली. तू पलंगावरून डॅडींना विचारलंस, "तुमचा जोड तुटला ना?" आणि ते टोपी हातात धरून म्हणाले, "हो. माझाच जोड होता." मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, जोडच तुटला असं त्यांनाही वाटतंय. आणि मी मूग गिळून बसले. तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलंस, म्हाताऱ्याच्या हट्टानं मला लंगडं केलं, आणि ऑइलडेलमध्ये अशी गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो. लोकांनी त्यांच्याकडे काम आणणं बंद केलं. कंपनीनं त्यांना बत्तीवरून उठवून सामानाच्या खिडकीवर बसवलं. बारा वर्षं ते लोकांना वॉशर मोजून देत होते. मम्माच्या दफनाला तू आलास, सगळ्यांशी हात मिळवलास, त्यांच्यासमोरून पुढे गेलास, आणि त्यांचा हात तसाच पुढे राहिला. तेव्हाही मी गप्प. माझ्यासारखी भेकड बाई या खोऱ्यात दुसरी नसेल.

तीन आठवड्यांपूर्वी नव्या दांड्याचं माप हवं होतं. जुन्याचे तुकडे खालच्या खणात आहेत, आण, असं डॅडींनी सांगितलं. खणात हा कॉफीचा डबा होता. आत फडक्यात दोन तुकडे, एकावर खडूनं अपघाताची तारीख. जिथे मोडला तिथला काळा रंग टवका निघावा तसा उडालाय आणि खाली क्रोम चमकतंय. चाळीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला हे बघून काय कळलं असेल, ते सांगायला नको. बागेतून तुकडे त्यांनीच उचलले होते. तू इस्पितळात पोचायच्या आधीच त्यांना सगळं माहीत होतं.

मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. खोकल्याची उबळ ओसरल्यावर ते म्हणाले, "तू सोळा वर्षांची होतीस. तो चिडून घर सोडून जाऊ शकत होता. तू कुठे गेली असतीस?" मी म्हटलं, डॅडी, तुमचं नाव गेलं, मुलगा गेला. ते म्हणाले, मुलगा कुठे गेलाय, ऑरेगॉनात आहे. वर माझ्याकडून वचन घेतलं की हे तुला कधी सांगायचं नाही. मी वचन दिलं, आणि आज मोडतेय. खोटी तर मी आहेच, त्यात आणखी एकाची भर.

आता डबा उघड. तुकडे हातात घे आणि डॅडींचा जोड शोध. मोडला त्या जागेपासून दोन बोटं लांब आहे. नखानं चाचपून बघ, त्याला केसाएवढीही भेग नाही.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तू आल्यावर मी मावशीकडे जाऊन राहीन, चार दिवस काय चार वर्षं. पण एवढं वाच आणि ये. ऑगस्टमध्ये डॅडींनी मला क्लचच्या पेडलवर पोलादाचा एक ठोकळा बसवायला लावला. जाडी किती, तर दीड इंच. ती त्यांनी न मोजता सांगितली. मम्माच्या दफनात ते सारा वेळ खाली मान घालून होते, आपण सगळे समजलो की लाजेनं. ते तुझ्या डाव्या बुटाची टाच बघत होते. ठोकळा बसवल्यावर मी कुरकुर केली की पेडल दाबताना माझा गुडघा स्टिअरिंगला अडकतो, हा काढून टाकू. ते बादलीवरून म्हणाले, "राहू दे. तो तुझ्यासाठी नाहीये." गाडी तयार आहे, वेंडेल. या घरात कुणालाच ती नीट चालवता येत नाही.

तुझीच,
नडीन