सासऱ्यांचं चरित्र

बाबा, तुमच्या चरित्राची तीस पानं झाली. रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आत अर्धं पान लिहिते.

हे काम तुम्हीच सुनेच्या मागे लावलंत. दोन महिन्यांच्या व्हिसावर तुम्ही आमच्याकडे मस्कतला आला होतात. मी भाकरी थापतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलाय, आणि जन्मभर कॉलेजात शिकवलेला तो रोमन इतिहासकार आता मला शिकवताय. बादशहा जुलमी, म्हणून हा पंधरा वर्षं गप्प. बादशहा मेल्यावर लेखणी उचलली आणि आधी लिहिलं ते सासऱ्याचं चरित्र. सासरा ब्रिटनचा सुभेदार. "त्याचे मोठे ग्रंथ निम्मे हरवले, सूनबाई, पण सासरा टिकला. आपले जावई मानपानापुढे सरकत नाहीत."

"त्याच्या घरी भाकऱ्या थापायला गुलाम होते," मी म्हणाले. "आणि गप्प बसणाऱ्याचं कौतुक तुम्हालाच. प्रिन्सिपॉलने तुमची बढती दाबली, तेव्हा तुम्ही तरी कुठे तोंड उघडलंत?"

तुम्ही ताट पुढे केलंत. "वाईट धन्याच्या हाताखालीही माणूस चांगलं काम करू शकतो, हेच त्याने सासऱ्याबद्दल लिहिलंय. यल्ला, चला, भाकरी करपतेय."

परत गेल्यावर पुढच्याच हिवाळ्यात तुम्ही तिकडे अंथरूण धरलंत. कंपनी दोन वर्षांतून एकदा विमानाचं तिकीट देते, आणि इथला माणूस लग्नं, बारशी, भेटी, सगळं त्या तिकिटावर बेततो. आमचं तिकीट एप्रिलचं होतं. तुम्ही फेब्रुवारीत गेलात. तुमचा मुलगा धावला, मी लहानग्या लेकीला घेऊन इथेच राहिले. तो रोमनही नोकरीपायी चार वर्षं दूर होता, सासऱ्याच्या शेवटच्या भेटीला मुकला. पण त्याने ते चरित्रात लपवलं नाही.

तुमची नात आता सतरा वर्षांची आहे. यंदा तिने विचारलं, "मम्मी, आजोबा एक्झॅक्टली काय करायचे?" तिच्यासाठी तुम्ही भिंतीवरचा फोटो होतात. मी त्याच दिवशी वही आणली. संध्याकाळी ती अडखळत मोठ्याने वाचते. प्रिन्सिपॉलने लायब्ररीला कुलूप लावलं, तेव्हा तुम्ही वस्तीतल्या मुलांना ओट्यावर बसवून बी. ए. पर्यंत नेलंत, ते पान तिने दोनदा वाचलं. स्वयंपाकघरातलं माझं बोलणं त्याच्या आधीच्याच पानावर आहे. "आणि तू त्यांना भित्रा म्हणालीस? टू मच हं, मम्मी."

काल ती तिसाव्या पानावर आली. "व्हिसाच्या अडचणीमुळे सुनेला जाता आलं नाही." ती थांबली. "आपला तर फॅमिली व्हिसा होता ना? कधीही जाऊन परत येता येतं."

"पुढे वाच."

"पुढे काही नाहीये."

व्हिसा होता, बाबा. रजाही मिळाली असती. तुमच्या गप्प बसण्यावरून तसं बोलल्यानंतर तुमच्यासमोर यायची मला लाज वाटत होती, आणि एप्रिलचं तिकीट सोयीचं पडलं. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून आधी इथे लिहून पाहिलं. उद्या हेच चरित्रात लिहायचंय, आणि ती ते मोठ्याने वाचणार आहे.