नॉर्मनच्या जागी

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ६.४०

संकल्प: नात टिली (वय सात) हिला जूनपर्यंत वाचती करणे.

गेल्या जूनमध्ये शाळेतल्या उच्चारांच्या परीक्षेत चाळीस शब्दांपैकी तिला एकोणीस जमले. पास व्हायला बत्तीस लागतात. यंदा जूनमध्ये पुन्हा बसायचंय. नाताळच्या जेवणात पाहुण्यांनी तिला भेटकार्ड वाचायला सांगितलं, तर म्हणाली, मला नका सांगू, मी मठ्ठ आहे. अगदी शांतपणे म्हणाली. आमची जोआन, म्हणजे तिची आई, भांडी घासायला म्हणून उठली आणि नळ सोडून रडत बसली. तेव्हाच ठरवलं, हे प्रकरण आता आपण हातात घ्यायचं.

माझी पात्रता: एकतीस वर्षं सरकारी ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या. हडर्सफील्डमधली निम्मी माणसं माझ्या हातून नापास झालेली आहेत. शिकवणं म्हणजे तरी दुसरं काय? चूक दाखवायची.

हिल्डा म्हणाली, जोआनलाही गाडी तूच शिकवली होतीस.

जोआन चौतिसाव्या वर्षीही बसने फिरते. पण तिला पर्यावरणाची काळजी आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. बायको आहे म्हणून ऐकून घेतो.

९ जानेवारी, गुरुवार

टॅबलेट आणला. तीन ॲप घेतली. त्यातलं 'स्पेलोपस' उत्कृष्ट. ऑक्टोपस अक्षरं दाखवतो, मुलाने शब्द म्हणायचा. बरोबर आला तर ऑक्टोपस नाचतो. चुकला तर रडतो आणि आठही हातांनी डोळे पुसतो. शास्त्रीय आहे. जाहिरातीतच तसं लिहिलंय.

आधी स्वतः करून बघितलं. पहिला शब्द 'बस'. म्हटलं. रडला. पुन्हा म्हटलं. रडला. बातम्या देणाऱ्यांच्या आवाजात म्हटलं. हुंदके. ॲपला यॉर्कशरचं बोलणं कळत नाही, हा त्यांचा दोष. हिल्डाने आतून विचारलं, कुणाशी भांडतोयस?

१४ जानेवारी, मंगळवार

शाळेत पहिला दिवस. मंगळवारी आणि गुरुवारी वीस वीस मिनिटं, ग्रंथालयाचा कोपरा. टिलीच्या वर्गशिक्षिका मिसेस केरशॉ. गोड बाई, पण शिस्त नाही.

टिलीला पहिलं पान वाचायला दिलं. मी क्लिपबोर्डवर ड्रायव्हिंग टेस्टचाच जुना फॉर्म लावला होता. 'शिप' शब्दापाशी थांबली. रस्ता मोकळा असताना थांबणे: किरकोळ चूक. एकूण बारा किरकोळ, दोन गंभीर. तिला वाचून दाखवल्या. काही बोलली नाही. लक्ष देऊन ऐकत असावी.

जाताना मिसेस केरशॉ म्हणाल्या, बुधवारी मुलं नॉर्मनला वाचून दाखवतात. फार शांत. मुलांचा भारी जीव. टिली तर त्याच्याशिवाय कुणापुढे तोंडच उघडत नाही. मी विचारलं, शिकवण्याची पद्धत काय? म्हणाल्या, काही नाही, नुसता ऐकतो. आधी काय करायचे? रेसमध्ये होता. मानधन? बिस्किटं. आडनाव? त्यांना आठवेना.

रेसमध्ये! असली माणसं मी चांगली ओळखतो. आरशात न बघता लेन बदलतात.

१६ जानेवारी, गुरुवार

नॉर्मन यांना पत्र लिहिलं. आपल्या अनुभवाचा आदर आहे, परंतु नुसतं ऐकून मुलं वाचायला लागत नसतात. स्पेलोपसचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मी आपल्याला विनामूल्य देईन. शाळेच्या ऑफिसात दिलं. तिथल्या बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्यांना असा ठसका लागला की आतच जावं लागलं. थंडीच आहे तशी.

२२ जानेवारी, बुधवार

नॉर्मन कुत्रा आहे.

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड. हाडं मोजून घ्यावीत असा. एका कानाने बहिरा. त्याची मालकीण ऑलिव्ह शेजारी बसून विणकाम करते. माझं पत्र सूचनाफलकावर लावलेलं आहे. विनोदाने लिहिलं होतं असं चौघांना सांगितलं. चौघेही हो हो म्हणाले.

दाराआडून बघितलं. जमिनीवर चौकटीचं ब्लँकेट, त्यावर नॉर्मन पसरलेला, त्याच्या पोटावर टिलीचं डोकं, आणि ती वाचतेय. मोठ्याने. 'नाइट'ला 'निगट' म्हणाली. नॉर्मन गप्प. वीस मिनिटांत अकरा चुका, एकीचीही दुरुस्ती नाही. शेवटी तर तो घोरत होता. मी नोकरीत असतो तर अहवाल पाठवला असता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रगती! टिलीने स्पेलोपसवर दहा मिनिटांत चौसष्ट उत्तरं दिली. सगळी चुकीची. पण वेग बघा.

हिल्डा म्हणाली, अरे बाबा, ती मुद्दाम चुकतेय, त्याला रडवायला. टिलीला विचारलं. म्हणाली, आजोबा, सातव्यांदा रडला की त्याची टोपी पडते!

नोंद: निरीक्षणशक्ती उत्तम.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

'नाइट' शब्दातली मधली दोन अक्षरं मुकी का झाली, ते टिलीला इतिहासासकट समजावलं. वीसपैकी अठरा मिनिटं. सहाव्या मिनिटाला ती बाथरूमला गेली आणि विसाव्याला परत आली. जोआनला सांगायला हवं, पोरीची तपासणी करून घे.

६ मार्च, गुरुवार

पुस्तक दिन. मुलांनी पुस्तकातलं पात्र होऊन यायचं. मी स्वखुशीने शब्दकोश होऊन गेलो. खोक्याचा पुठ्ठा, दोन संध्याकाळी खपून केलेला. दारातून आत जाता येईना आणि खाली बसता येईना. दिवसभर कॉरिडॉरमध्ये उभा होतो.

टिली नॉर्मन होऊन आली. कान माझ्या मोज्यांचे. मी म्हटलं, अगं, पुस्तकातलं पात्र हवं. म्हणाली, आहे ना, पुस्तक मी लिहिणार आहे. आधी वाचायला तर शीक, असं माझ्या तोंडून गेलं. तिने कान काढून दप्तरात टाकले. बक्षीस तिलाच मिळालं, पण ते घ्यायला ती कानांशिवाय गेली.

नियमाप्रमाणे माझंच बरोबर होतं.

२६ मार्च, बुधवार

ऑलिव्हला पटवलं की नॉर्मनलाही आधुनिक व्हायला हरकत नाही. टॅबलेट त्याच्या पुढच्या पायांमध्ये ठेवला, म्हणजे मूल वाचेल आणि ऑक्टोपस तपासेल. न्याहारीचं लोणी माझ्या बोटांवरून पडद्याला लागलं असावं. नॉर्मनने चाटायला सुरुवात केली. ऑक्टोपस नाचला. पुन्हा चाटलं, पुन्हा नाचला. सात बरोबर उत्तरं. दुसरी पातळी. अभिनंदन, छोट्या ताऱ्या!

मी अजून पहिल्या पातळीवर आहे.

टिली हसता हसता जमिनीवर लोळली. इतकी हसताना तिला नाताळनंतर पाहिलं नव्हतं. यंत्रात बिघाड आहे हे उघड आहे.

३ एप्रिल, गुरुवार

मुख्याध्यापिकांना सहा पानी अहवाल दिला होता: कुत्रा बंद करून बुधवारही मला द्यावा. आज उत्तर आलं. माझ्या उत्साहाबद्दल त्यांनी मनापासून आभार मानलेत. फक्त उत्साहाबद्दल. या देशात उत्साहाचे आभार मानले की तो नकार आहे, हे समजून घ्यावं.

मी समजून घेतलेलं नाही.

८ मे, गुरुवार

टिली टेबलाखाली जाऊन बसली. वाकून विचारलं, काय झालं? म्हणाली, तुमच्यासमोर वाचलं की मी मठ्ठ होते. नॉर्मनसमोर नसते.

वीस मिनिटं तशीच गेली. ती खाली, मी वर.

टेबलं फार बुटकी आहेत, शाळेला कळवायला हवं.

घरी जेवलो नाही. मासा नीट शिजला नव्हता. हिल्डाने स्वतःचा खाऊन माझाही संपवला. संध्याकाळी फाइल चाळली. जानेवारीपासून टिलीच्या चुकांच्या एकशे नव्वद नोंदी. तिने बरोबर वाचलेला एक तरी शब्द शोधत होतो. त्यासाठी रकानाच नाही. फॉर्म सरकारी आहे, माझा नव्हे.

१० जून, मंगळवार

परीक्षेचा दिवस. लिहायला हात नीट चालत नाही, पाठ आखडली आहे. क्रमाने लिहितो.

सकाळी पावणेआठला जोआनचा फोन. काल संध्याकाळी कालव्याच्या काठाने फिरताना नॉर्मनच्या पायात काच गेली, सहा टाके पडले. परीक्षेआधी टिलीने दहा मिनिटं त्याला वाचून दाखवायचं असं ठरलेलं होतं. आता टिली कोट घालून जिन्यात बसली होती आणि उठत नव्हती. जोआन म्हणाली, बाबा, ती म्हणतेय काय उपयोग, मी परत नापासच होणार.

मी टॅबलेट चार्ज करून गेलो. कसंबसं तिला शाळेत आणलं. कोपऱ्यात चौकटीचं ब्लँकेट पसरलेलं होतं. टिली त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, मी आहे ना. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अटी सांगितल्या. टॅबलेट बाहेर. क्लिपबोर्ड बाहेर. आजोबा, आडवे व्हा. डोळे मिटा. बोलायचं नाही. मी विचारलं, हं म्हटलं तर चालेल? म्हणाली, नॉर्मन हं म्हणत नाही.

झालो आडवा. वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही खराब. तिने माझ्या पोटावर डोकं टेकलं आणि एका बदकाचं पुस्तक काढलं.

पहिल्या पानावर तीन चुका. जीभ दातांत धरली. दुसऱ्या पानावर त्यातलीच एक पुन्हा. तिसऱ्या पानावर थांबली ती थांबलीच.

गप्प बसणं मला नवं नाही. एकतीस वर्षं घामाघूम झालेल्या माणसांशेजारी मी गप्पच बसत आलो. पण तेव्हा हातात पेन असायचं, आणि पेन चालल्याचा आवाज त्यांना ऐकू जायचा. आज पेन नव्हतं. नुसतं तिच्या डोक्याचं वजन. तिने अक्षरं पुटपुटली, एकेक करून, मग शब्द म्हणाली. बरोबर. मग मागे जाऊन आधीच्या पानावरचा चुकलेलाही स्वतःच नीट म्हणाली. मी काहीही केलं नव्हतं.

त्यापुढचं सांगता येत नाही. सव्वाअकराला मिसेस केरशॉंनी मला हलवून उठवलं. परीक्षा केव्हाच झाली होती. पहिलीची मुलं रांगेने जाताना माझ्याभोवतून वळून जात होती.

संध्याकाळी जोआनचा फोन. टिली म्हणते आजोबा दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. बाबा, तुम्हाला बरं आहे ना?

११ जुलै, शुक्रवार

निकाल. चौतीस! पास!

जोआन फोनवर रडली, हिल्डा इकडे रडली. मला सर्दी आहे.

स्पेलोपसची पायाभरणी उशिरा का होईना कामी आली, असं मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

शाळेच्या पत्रकात पहिल्या पानावर पट्टी बांधलेल्या पायाचा फोटो आणि 'श्री. नॉर्मन ब्रेथवेट यांचे शतशः आभार'. म्हणजे आडनाव होतं. शेवटच्या ओळीत, 'तसेच टिलीचे आजोबा'.

१६ जुलै, बुधवार

पायामुळे नॉर्मन निवृत्त होतोय. मिसेस केरशॉंनी विचारलं, सप्टेंबरपासून बुधवारी तुम्ही याल का? टॅबलेट नको. फक्त तुम्ही.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. चार सेकंदांनी हो म्हटलं.

पण टेस्ट द्यावी लागेल म्हणाल्या. शाळेत ऐकायला येणाऱ्या कुत्र्यांची जी असते तीच, ऑलिव्ह घेईल. लगेच घेतली. परीक्षक दोन: ऑलिव्ह, आणि माझा क्लिपबोर्ड घेऊन टिली. नॉर्मन निरीक्षक. मोठ्या आवाजाने दचकत नाही: पास. अंगावर टेकलं तर हलत नाही: पास. विचारल्याशिवाय खाऊ घेत नाही: इथे थोडा वाद झाला, पास.

मग टिली वाचायला लागली. चौथ्या मिनिटाला 'नाइट' आला. तिने तो न अडखळता म्हटला. माझ्या तोंडून शाब्बास निघून गेलं.

टिली म्हणाली, नॉर्मन कधी शाब्बास म्हणत नाही, आजोबा. आणि फॉर्मवर लिहिलं, 'गप्प बसत नाहीत'. स्पेलिंगमध्ये तीन चुका होत्या. बघितल्या. बोललो नाही. पण तोवर निकाल लागला होता. नापास. पुन्हा सप्टेंबरात.

घरी हिल्डाला सांगितलं, पहिल्या खेपेला बहुतेक सगळेच नापास होतात. हे वाक्य एकतीस वर्षं मी लोकांना गाडीतून उतरताना सांगत आलो. ऐकायला अगदीच वाईट आहे.

जोआनचा फोन आला. म्हणाली, बाबा, मी पुन्हा गाडी शिकायचं म्हणतेय. तुमच्याकडेच. पण आधी तुम्ही पास व्हा.

तेव्हा सराव आजपासूनच. जमिनीवर ब्लँकेट घातलं, आडवा झालो. हिल्डाने उशाशी बशीत एक बिस्किट ठेवलं आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीला मी तिचा उच्चार दुरुस्त केला.

तिने बिस्किट उचलून खाल्लं.