बाबांच्या घरातल्या डब्या

३ फेब्रुवारी
क्लासला नाव घातलं. आई गेल्यापासून संध्याकाळ सरता सरत नाही. विषय — बिनतारी सेन्सरचं जाळं. मुठीएवढ्या डब्या, प्रत्येकीत सेन्सर, रेडिओ आणि सेल. एकमेकींना निरोप देतात. फी भरली, आले. काही वाटलं नाही.

६ फेब्रुवारी
सर म्हणाले, "आधी डबीला झोपवायला शिका, नाहीतर सेल लगेच संपतील." माझी अशी झोपली की उठेचना! प्रोग्रॅममध्ये तिला उठवायची ओळ लिहायचीच राहिली होती. सगळे हसले. मीही हसले असावे.

११ फेब्रुवारी
दादा बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतो. "एकटे असतात. पडले-झडले तर कळणार कुणाला?" बाबांचं एकच — "मी इथून हलायचा नाही." दोघे हट्टाला पेटलेत, मी मधल्या मध्ये. म्हटलं, माझं प्रोजेक्ट बाबांच्याच घरी लावते, महिनाभर बघू. दादा म्हणाला, "ठीक. एकदा जरी गडबड झाली तर गाडी घेऊन येतो."

१५ फेब्रुवारी
प्रत्येक खोलीत एक डबी लावली. माणूस हलला की तिला कळतं. मागच्या खोलीचा निरोप जाड भिंतीतून पोचेना, म्हणून तो बोळातल्या डबीच्या हाती दिला. ती पुढे देते. बाबा स्टूल धरून उभे. "भिंतींना कान होतेच, आता डोळेही फुटले म्हणायचे."

आईची खुर्ची तशीच आहे. तिच्याकडे बघून काही झालं नाही.

१८ फेब्रुवारी
सर म्हणाले, "प्रत्येक हालचाल कळवायची कशाला? वाचत कोण बसणार? बिनसलं तरच बोलू दे." पटलं. आता दिवसा चार तास कुठेच हालचाल नसेल, तरच माझा फोन वाजेल. एरवी शांतता.

२ मार्च
फोन वाजला नाही.

९ मार्च
वाजला नाही. दादाला कळवलं, बाबा ठणठणीत. आज जायचं होतं, गेले नाही. फोन गप्प आहे, मग जाऊन काय बघायचं?

१५ मार्च
प्रोजेक्ट पास. दादाही म्हणाला, "राहू देत मग तिथेच." आनंद व्हायला हवा होता.

१६ मार्च
सेल बदलायला गेले. दार उघडायला बाबांना फार वेळ लागला. घोटा सुजून काळानिळा. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरले, आणि तेव्हापासून भिंत धरून खोल्याखोल्यांतून फेऱ्या मारताहेत! "बसून राहिलो असतो तर डब्यांनी तुला कळवलं असतं, नि दादा गाडी घेऊन आला असता ना."
हाड मोडलंय. डॉक्टर मलाच रागावले.

१७ मार्च
डब्या काढायला स्टुलावर चढले. प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बाबा म्हणाले, "असू देत गं. समोरून गेलं की डबीतला दिवा लुकलुकतो. वाटायचं, बघितलं हिने. बरं वाटायचं."
स्टुलावरच रडू फुटलं. बाबांना वाटलं, पायासाठी. मी एकदाही बघितलं नव्हतं, हे सांगितलं नाही.