नळीतली वांग्याची भाजी

बाई, भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी नवी नर्स असताना तुम्ही मला नाकातून पोटात नळी घालायला शिकवलंत, ते आधी माझ्यावरच घालून. "पेशंटले 'गीळ' म्हन्याआधी गिळनं काय असते ते पाह्य," म्हणत तुम्ही माझ्या हातात पाण्याचा पेला दिलात. डोळ्यांत पाणी, नाकात नळी, आणि दारात फुकटचा तमाशा बघणारे वॉर्डातले नातेवाईक. त्याच दिवशी मी नोकरी सोडणार होते. पण नाकात नळी असताना राजीनामा देता येत नाही.

तुमची दुसरी रीत तर मला निव्वळ वेडेपणा वाटायची. नळीत सोडायची असायची भाताची पातळ पेज. पण पेशंट बेशुद्ध असला तरी तुम्ही त्याच्या कानाशी वाकून ताट वाढल्यासारखं सांगायचात, "दादा, भात आहे, वरन आहे, वांग्याची भाजी आहे. जेवा आता." सिहोऱ्याचा तो शेतकरी आठवतो? मण्यार साप चावला, श्वास बंद पडत आला. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि आपण सगळ्या आळीपाळीने फुगा दाबत त्याला श्वास देत राहिलो. नाकातली नळी तुम्ही मला घालायला लावलीत. त्याची पापणीसुद्धा हलत नव्हती. बायको पायथ्याशी बसून एकटक बघत होती. मी म्हणाले, "बाई, याला काय ऐकू येणार?" तुम्ही सगळ्यांदेखत खडसावलंत, "काहून वं, मेला का तो? मंग जेवाले काय आहे ते सांगा लागते!"

तो जगला. घशातली नळी निघाल्यावर फाटक्या आवाजात पहिलं वाक्य बोलला, "बाई, रोज रोज वांगाच काहून? एक डाव तं मच्छी म्हना ना!" बायको आधी रडली, मग हसत सुटली. अख्खा वॉर्ड हसला. तुम्ही मात्र गळ्यातली तुळशीची माळ बोटाने पुढे केलीत. "मी माळकरीन आहो. खोटं बोलीन, पन मच्छी नाही वाढत."

काही वर्षांनी पक्षाघाताचा झटका येऊन तुम्हीच त्या खाटेवर आलात. नळी मी घातली. दोनदा चुकून बाहेर काढावी लागली; तुम्ही बघितलं असतंत तर पुन्हा पाण्याचा पेला माझ्याच हातात दिला असतात. पेज सोडण्याआधी दर वेळी तुमच्या कानाशी सांगत होते, भात, वरण, वांग्याची भाजी. त्या माणसाने सगळं ऐकलं होतं, म्हणजे तुम्हीही ऐकत असणार, असं मी धरून चालले होते. मला तुम्ही हव्या होतात, बाई.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. शेवटी शेवटी एकदा मी मुद्दाम म्हटलं, "बाई, आज मच्छी आहे." तुम्ही ताडकन उठाल, माळ दाखवाल, सगळ्यांदेखत मला झापाल, म्हणून. पेजेची सिरिंज हातात धरून मी वाट बघत उभी राहिले. पेज पार निवून गेली.