तिऱ्हाइताच्या घरचं पाणी

ताईस, वाकून नमस्कार.

“तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही,” असं तू बाबांना म्हणालीस त्याला पुढच्या महिन्यात सात वर्षं होतील. जिन्याच्या वळणावर उभी होतीस, एका पायात चप्पल होती, दुसरी वर दारातच राहिली होती. त्यावर बाबाही वरून म्हणाले की तुझ्या दारात ते पाऊल ठेवणार नाहीत. (ती चप्पल माझ्याकडे आहे. टाकवत नाही, आणि एका चपलेचं करायचं काय तेही सुचत नाही.) दोघंही शब्दाचे पक्के. दोन पक्क्यांच्या मधली एक कच्ची, ती मी.

तुझा गुडघा कसा आहे? भाचीचा पेपर कसा गेला? गॅलरीतल्या त्या हट्टी कुंडीला यंदा तरी कळी आली का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तुला जावं लागतं. रविवारी सकाळी अकराला दर वेळी बरोब्बर त्याच वाक्याला होणारी शिट्टी मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकलेली नाही. पत्राला शिट्टी नसते, म्हणून पत्र.

तर सांगायचं म्हणजे, गेल्या दोन महिन्यांत बाबांनी मला तीनदा बाहेर जेवायला नेलं. घाईत असशील तर हे वाक्य पुन्हा वाच. चाळीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून काढलेला हा माणूस. ज्या दुकानाची तपासणी करायची तिथलं खायचं नाही, असा त्यांचा नियम होता, आणि शहरातलं प्रत्येक दुकान त्यांना तपासायचं होतं, त्यामुळे आपलं अख्खं बालपण हॉटेलांच्या काचांबाहेरून गेलं. जागाही साधीसुधी नाही. मुख्य चौकात पूर्वी बँक होती ना, त्या इमारतीत आता खाली पब आणि वर जेवणाची खोली आहे. (“एका परवान्यात दोन धंदे?” हा बाबांचा पायरीवरच विचारलेला पहिला प्रश्न.) खाली काळ्या लाकडाचा लांब बार, पितळी नळ, हिरव्या कातड्याच्या खुर्च्या. वर पांढरे टेबलक्लॉथ, आणि छत इतकं उंच की आपण हळू बोललो तरी ते वर जाऊन, विचार करून, मग खाली येतं. आमचे हे पहिल्याच दिवशी घरी राहिले. तुझ्या बाबांबरोबर जेवण म्हणजे पंचनाम्याला साक्षीदार, असं त्यांचं म्हणणं.

पहिली खेप मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. बुधवार दुपार, वरची खोली अर्धी रिकामी, खिडकीजवळचं टेबल. सूप आलं ते वाफाळतं. मासा आला तो असा की चमचा लावताच सुटा झाला. मुख्य वेटर वयस्कर, पाठीचा कणा पट्टीने आखलेला, आणि चेहरा असा की समोरच्याला आपलाच काहीतरी गुन्हा आठवावा. बाबांनी त्याचं नाव तिथल्या तिथे ‘न्यायमूर्ती’ ठेवलं. सगळं संपल्यावर बाबांनी रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, “चांगलं आहे. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो.” मला वाटलं, ही त्यांची पसंती. ते मात्र पुढच्या तारखेची चौकशी करत होते.

दुसरी खेप रविवारी, आणि तिच्याविषयी जितकं कमी लिहीन तितकं बरं, म्हणून सविस्तर लिहिते. टेबल मिळालं ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी. दार उघडलं की बाबांच्या मानेवर गरम वारा, मिटलं की माझ्या कोपराला धक्का. सूप पाऊण तासाने आलं आणि वाटेत कुठेतरी गार होऊन आलं. मग मांसाचा तुकडा आला. मेनूकार्डावर लिहिलं होतं अडीचशे ग्रॅम. बाबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला तेव्हा मला वाटलं, गोळी घेतायत. निघाला तो लहान वजनकाटा, निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेला. त्यांनी त्या तुकड्याचं शांतपणे, सगळ्यांच्या देखत, वजन केलं. एकशे नव्वद. (मी कार्डामागे लपले. कार्ड दाराएवढं आहे, ही त्या जागेची सर्वांत मोठी सोय.) तोवर त्यांचं लक्ष शेजारच्या टेबलावर गेलं. तिथले तिघे बिअर पीत होते. बाबा उठले, वाकले आणि अत्यंत आदराने म्हणाले, “पेल्यावरची रेघ बघा. फेस वर, माल खाली. तुम्हाला दोन बोटं कमी मिळालंय.” पाच मिनिटांत पलीकडच्या टेबलावरून पेले येऊ लागले. लोक रांगेने उभे, बाबा प्रत्येक पेला उजेडात धरून निर्णय देतायत, आणि एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणते, “तुमचाही दाखवून घ्या, लाजू नका.” सात वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

न्यायमूर्ती आले. ओरडले नाहीत. खाली वाकून म्हणाले, “साहेब, माप अगदी बरोबर आहे. पण ते कच्च्या मांसाचं. शिजताना त्यातलं किती जाईल ते आम्हालाही सांगता येत नाही.” मी वादाची वाट पाहत राहिले. बाबांनी काटा पुसला आणि खिशात ठेवला. परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “धाकटे, आकडे बरोबर होते गं.” मी म्हटलं, “हो बाबा, अडीचशे कच्चंच असतं.” दोन थांबे गेल्यावर मला कळलं की ते मांसाबद्दल बोलत नव्हते. आईच्या शेवटच्या दिवशी ते तासातासाला तिचा ताप आणि नाडी वहीत लिहीत होते. ताप उतरत होता, नाडी सुधारत होती, म्हणून त्यांनी तुला बोलावणं उद्यावर टाकलं. तू आलीस तेव्हा भेटायला कुणी उरलं नव्हतं. ती वही त्यांनी तुला जिन्यात उघडून दाखवली, आणि तुला वाटलं, या माणसाला अजून आकडेच सुचतायत. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि मी तुला ते कधी सांगितलं नाही.

तिसरी खेप गेल्या बुधवारी. एव्हाना मॅनेजरच्या कानावर काहीतरी गेलं होतं आणि त्याने आम्हाला सरकारी पाहुणे समजून खिडकीचं टेबल, फुलं आणि न मागवलेलं गोड पाठवलं. बाबांनी गोड परत केलं. (“लाच,” ते मला म्हणाले, आणि मग हळूच, “चॉकलेटचं होतं ना?”) जेवण बरं होतं, भाज्या जास्त शिजलेल्या, पाव उत्तम. पण बाबांचं जेवणात लक्ष नव्हतं. ते खुर्च्या बदलत होते. ह्या खुर्चीत बसून बघ, त्या खुर्चीत बसून बघ. शेवटी कोपऱ्यातली एक त्यांना पटली. “इथून दार दिसतं,” म्हणाले, “आणि उठायचं झालं तर कुणाला ओलांडावं लागत नाही.” मग ते स्वतः तिथे बसले, उठले, आणि भर जेवणाच्या वेळी त्या खुर्चीपासून जिन्यापर्यंत पावलं मोजत गेले. परत येऊन म्हणाले, “चौदा. रागाने निघालं तर अकरा.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, ताई. हा माणूस जेवायला जात नव्हता. तो जागेची तपासणी करत होता. त्यांचं घर नाही, तुझं दार नाही, अशी तिसरी जागा.

भाचीला आशीर्वाद. दुखऱ्या गुडघ्याने स्टुलावर चढू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. हसू नकोस, खरा आहे. बाबांनी मॅनेजरकडून लिहून घेतला: ‘आमच्या येथे टेबलावर देण्यात येणारे पाणी हे सर्वस्वी आमचे असून त्यावर समोर बसलेल्या कोणत्याही इसमाचा हक्क नाही.’ खाली सही आणि शिक्का. शिक्का पुसट उठला म्हणून बाबांनी पुन्हा मारायला लावला. साक्षीदार म्हणून न्यायमूर्तींची सही आहे.

ता. क. २. वर मी लिहिलं की दुसऱ्या खेपेविषयी कमी लिहिणं बरं. खोटं. सगळं पत्र त्या बससाठीच लिहिलं.

ता. क. ३. दर रविवारी अकराला तुझा फोन येतो तेव्हा बाबा माझ्याकडे बसलेले असतात. चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून येतात, मी चष्म्यांच्या दुकानात काम करते ना. स्क्रू घरून निघताना ते स्वतःच सैल करतात, पेचकसाचे ओरखडे दिसतात. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे तू काय म्हणालीस ते माझ्या तोंडावरून वाचतात. तर, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, साडेबाराला, तीन जणांचं टेबल सांगितलं आहे. जेवू नकोस. बोलू नकोस. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिऱ्हाइताच्या घरचं एक पेलाभर पाणी पी, आणि वाटलं तर अकरा पावलांत निघून जा. तुझी दुसरी चप्पल मी घेऊन येईन. तू नाहीच म्हणणार, मला ठाऊक आहे. फक्त ते ‘नाही’ रविवारी फोनवर म्हणू नकोस, पत्राने कळव.